खाण संपल्यावर शेत आणि पाणी परत मिळतं का? कळणे, रेडी आणि शेजारच्या गोव्याची गोष्ट

जुलै 2021 चा शेवटचा आठवडा. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात लोहखनिजाच्या खाणीत साठलेलं पावसाचं पाणी कडा फोडून बाहेर पडलं. लाल चिखलाचा लोंढा उतारावरून गावात आला. घरांत पाणी शिरलं, बांदा-दोडामार्ग रस्ता चिखलाखाली गेला आणि लावणी झालेली भातशेती, माड-पोफळीच्या बागा गाळाने भरल्या. त्या दिवसाचे व्हिडिओ अनेकांनी मोबाईलवर पाहिले असतील. पाणी काही तासांत ओसरलं. गाळ मात्र शेतातच राहिला.

प्रश्न तिथूनच सुरू होतो. जमीन वरून खोदून खनिज काढलं, खाण बंद झाली किंवा फुटली, तर त्याखालचं आणि शेजारचं शेत पुन्हा पिकतं का? विहिरीला पुन्हा पाणी येतं का? आणि त्याचा खर्च कोणी करायचा?

सिंधुदुर्गात नेमकं काय खोदलं जातं?

उघड्या खाणी म्हटलं की महाराष्ट्रात चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळसा खाणी आठवतात. सिंधुदुर्गात कोळसा नाही. इथे दक्षिणेकडच्या पट्ट्यात, म्हणजे वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत लोहखनिज आहे. भूगर्भाच्या दृष्टीने हा गोव्याच्याच खनिजपट्ट्याचा उत्तरेकडचा भाग. समुद्राला लागून असलेल्या रेडीत अनेक दशकं खनिज निघतंय आणि शेजारच्या बंदरातून बाहेर जातंय. (1976 साली याच परिसरात जमिनीखालून गणपतीची मोठी मूर्ती सापडली आणि रेडीची ओळख खाणीइतकीच गणपतीची झाली.) कळणेची खाण त्या मानाने अलीकडची. 2009 च्या सुमारास, गावकऱ्यांच्या तीव्र विरोधात ती सुरू झाली. कणकवली तालुक्यात कासार्डे भागात सिलिका वाळू काढतात. आणि मालवण-देवगडच्या सड्यांवर जांभ्याच्या चिरेखाणी आहेत, ज्यांना कोणी ‘मायनिंग’ म्हणत नाही, पण जमिनीचं वरचं कवच काढण्याचं काम त्याही करतात.

या सगळ्या खाणींची पद्धत एकच असते. आधी झाडं तुटतात, मग वरची माती जाते, मग जांभ्याचा थर फोडला जातो आणि त्याखालचं खनिज काढलं जातं. गोव्यातल्या अनुभवानुसार एक टन खनिज मिळवायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. म्हणजे खड्ड्याशेजारी एक डोंगर तयार होतो. पुढचे बहुतेक त्रास या डोंगरातून आणि त्या खड्ड्यातूनच येतात.

सडा म्हणजे पाण्याची टाकी

कोकणातला सडा बाहेरच्या माणसाला ओसाड दिसतो. काळा-तांबडा कातळ, थोडं गवत, बाकी काही नाही. पण जांभा भोकाभोकांचा दगड आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. त्यातलं काही पाणी या भोकांतून खाली मुरतं. जांभ्याखाली शेडीचा, म्हणजे पांढरट-पिवळसर चिकणमातीचा थर असतो. पाणी त्याच्यावर अडतं, हळूहळू सरकतं आणि डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. त्या झऱ्यांचं पाणी पाटाने पोफळीच्या बागेत जातं, खालच्या मळ्यात वायंगणाचं भात पिकवतं आणि विहिरी मे महिन्यापर्यंत टिकवून ठेवतं.

खाणीत हाच जांभा आणि त्याखालचा थर निघून जातो. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की खनिज कोरडं ठेवण्यासाठी पंप लावून पाणी उपसावं लागतं. मग आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावसारख्या गावांनी विहिरी आणि झरे आटल्याची तक्रार वर्षानुवर्षं केली आणि ती न्यायालयापर्यंत नेली. रेडीसारख्या किनाऱ्यालगतच्या ठिकाणी आणखी एक धोका असतो. गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकू शकतं, आणि एकदा खारी झालेली विहीर गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. काढून टाकलेला जांभ्याचा थर परत तयार करता येत नाही. तो तयार व्हायला लाखो वर्षं लागलेली असतात. खाण कंपनीच्या आराखड्यात ‘भूजल पुनर्भरण’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ जुनी व्यवस्था परत येणार असा नसतो. तिच्या जागी दुसरी, कमी प्रतीची व्यवस्था उभी केली जाणार एवढाच असतो.

शेतात गाळ आला की काय होतं?

कोकणातल्या भाताच्या कुणग्याची माती ही केवळ माती नसते. पिढ्यानपिढ्या शेणखत, पालापाचोळा, राखेने पोसलेला तो वीतभर थर असतो. दरवर्षी चिखलणी केल्यामुळे त्याच्याखाली एक घट्ट थर तयार झालेला असतो, जो पाणी धरून ठेवतो. लावणीनंतर कुणग्यात पाणी उभं राहतं ते त्या थरामुळे.

खाणीचा गाळ या मातीवर बसतो तेव्हा तो अतिशय बारीक असतो. वाळला की त्याची पापडी होते. हवा आत जात नाही, मुळं गुदमरतात. त्यात सेंद्रिय पदार्थ जवळपास शून्य असतात आणि लोह भरपूर असतं. लोह जास्त असलेल्या मातीत स्फुरद अडकून बसतं, त्यामुळे खत घातलं तरी पिकाला लागत नाही. पाणी साचलेल्या शेतात हेच लोह विरघळून भाताच्या मुळांना विषासारखं लागू शकतं. पानं तांबूस पडतात, फुटवे कमी येतात.

गाळ बोटभर असेल तर नांगरून खालच्या मातीत मिसळता येतो. फूटभर असेल तर काढावाच लागतो. आणि इथेच बहुतेक ठिकाणी दुसरं नुकसान होतं. जेसीबी लावून गाळ खरवडला जातो आणि त्याबरोबर खालची पोसलेली मातीही निघून जाते. चाकांच्या वजनाने नको तिथे जमीन दबते, बांध मोडतात, कुणग्यांची पातळी बिघडते. शेत ‘साफ’ दिसतं, पण पुढच्या वर्षी भात अर्धंच येतं. शिवाय काढलेला गाळ व्हाळाच्या काठावर टाकला तर पहिल्या पावसात तो पुन्हा खालच्या शेतात येतो.

हे काम नीट करायचं तर साधारण असं करावं लागतं. पाऊस पूर्ण संपून जमीन वाळल्यावर, म्हणजे डिसेंबर ते मेच्या दरम्यान, गाळ थराथराने काढायचा आणि जुनी माती दिसू लागली की यंत्र थांबवून उरलेलं हाताने काढायचं. व्हाळ आणि पाट आधी मोकळे करायचे, नाहीतर सगळी मेहनत वाया. मग बांध आणि पातळी दुरुस्त करायची. पहिल्या पावसात भाताऐवजी ताग किंवा धैंचा पेरून तो फुलोऱ्याच्या आधी जमिनीत गाडायचा. गिरिपुष्पाचा पाला, शेणखत, माती आम्ल असेल तर चुना. मातीपरीक्षण करून स्फुरदाची मात्रा ठरवायची. दोन-तीन हंगाम असे गेले तर शेत बऱ्यापैकी रुळावर येतं.

म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान एका पिकाचं नसतं, किमान तीन हंगामांचं असतं. पंचनाम्यात मात्र बहुधा त्या वर्षीचं उभं पीकच मोजलं जातं.

खाणीच्या आत काय करतात?

खाणीतल्या जमिनीचं पुनर्वसन खाण सुरू होण्याआधीच ठरतं, संपल्यावर नाही. सगळ्यात महत्त्वाचं काम पहिल्या महिन्यातलं असतं: वरची माती वेगळी काढून वेगळी ठेवणं. ही माती म्हणजे बियांची, जिवाणूंची आणि बुरशीची बँक असते. ती कमी उंचीच्या ढिगात, वर गवत किंवा कडधान्य पेरून ठेवली आणि दोन-चार वर्षांत वापरली तरच जिवंत राहते. दहा वर्षं उंच ढिगाऱ्यात पडून राहिलेली माती नावापुरती माती असते. अनेक जुन्या खाणींत तर ती वेगळी काढलीच गेली नव्हती, सरळ टाकाऊ दगडात मिसळली गेली. तिथे आज कितीही पैसा ओतला तरी जुनी जमीन होणार नाही.

दुसरं काम टाकाऊ डोंगराचं. उतार कमी करायचा, टप्पे पाडायचे, पायथ्याला दगडी भिंत घालायची, भोवती चर खणायचा आणि चरातलं पाणी एकामागोमाग एक गाळतळ्यांतून सोडायचं, म्हणजे गाळ तळाशी बसेल आणि व्हाळात स्वच्छ पाणी जाईल. कागदावर हे प्रत्येक खाणीत असतं. अडचण पावसाची आहे. कोकणात एका दिवसात 200-300 मिलिमीटर पाऊस पडतो. त्या हिशेबाने तळी बांधली नसतील, किंवा मागच्या वर्षीचा गाळ उपसला नसेल, तर ती पहिल्या मोठ्या सरीतच भरून वाहतात.

उतारावर माती धरून ठेवायला काथ्याच्या जाळ्या अंथरतात आणि त्यात वाळ्यासारखं खोल मुळांचं गवत लावतात. नारळाच्या जिल्ह्यात काथ्याची कमतरता पडायचं कारण नाही. त्यानंतर झाडं. गोव्यात आणि कोकणात खाणींच्या ढिगाऱ्यांवर बहुतेक ठिकाणी ऑस्ट्रेलियन बाभूळ दिसते. ती भराभर वाढते, गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि तीन वर्षांत ढीग हिरवा दिसतो. फोटो छान येतो. पण तिच्या पानांचा जाड थर सहज कुजत नाही, खाली दुसरं फार काही उगवत नाही आणि पक्षी-फुलपाखरांना तिचा उपयोग थोडा. सुरुवातीला ती लावून नंतर तिच्या आडोशाला काजू, जांभूळ, किंजळ, कुंभा अशी स्थानिक झाडं आणणं हा समंजस मार्ग आहे. गोव्यात साखळी इथल्या जुन्या खाणीवर असं काम झालं आहे. तिथे हिरवळ आहे, फुलपाखरांची बाग आहे, खड्ड्यातल्या पाण्यात मासे वाढवण्याचे प्रयोगही झाले. मात्र ती बाग आहे. तिथे भातशेती परत आलेली नाही.

खड्डा भरायचा की तळं करायचं?

खनिजापेक्षा टाकाऊ माल जास्त निघतो, तर तोच माल परत खड्ड्यात टाकून खड्डा बुजवता यायला हवा. कोळसा खाणींत काही प्रमाणात तसं होतं: पुढे खोदत जायचं, मागे भरत यायचं. लोहखनिजाच्या खाणींत ते क्वचितच होतं. खनिज तिरकं, खोलवर गेलेलं असतं आणि कंपनीचं म्हणणं असतं की खाली अजून खनिज आहे, ते कायमचं गाडून कसं टाकणार? दुसरं कारण पैशाचं आहे. एकेकाळी कचरा म्हणून टाकलेल्या ढिगाऱ्यांतल्या हलक्या प्रतीच्या खनिजाला या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या मागणीमुळे भाव आला. तेव्हापासून ढीग म्हणजे कचरा राहिला नाही, मालमत्ता झाला. मग तो खड्ड्यात कोण टाकणार?

त्यामुळे खड्डे राहतात आणि पाण्याने भरतात. हे पाणी उपयोगाचं नाही असं नाही. गोव्यात उन्हाळ्यात टंचाई झाली तेव्हा खाणींच्या खड्ड्यांतलं पाणी नदीत सोडून जलशुद्धीकरण केंद्रांपर्यंत पोहोचवलं गेलं. विदर्भात वेस्टर्न कोलफील्ड्सने खाणीतलं उपसलेलं पाणी शेतीला आणि वीज केंद्रांना दिलं आहे, शुद्ध करून बाटलीतही भरलं आहे. लोहखनिजाच्या खाणीची एक जमेची बाजू अशी की कोळशातल्या गंधकासारखं आम्ल तयार करणारं द्रव्य तिथे सहसा कमी असतं, त्यामुळे पाणी बहुधा फार आम्लधर्मी होत नाही. तरी लोह, मँगनीज आणि गढूळपणा तपासल्याशिवाय ते पिऊ नये.

कळणेचा धडा वेगळा आहे. गावाच्या वर, उतारावर असलेला खड्डा म्हणजे नकळत बांधलेलं धरण असतं. खरं धरण बांधताना पाया तपासतात, सांडवा ठेवतात, पावसाळ्याआधी पाहणी होते. खाणीच्या कड्याला असं काही नसतं, कारण तो पाणी अडवायला बांधलेलाच नसतो. खनिज काढताना तो जेवढा उरला तेवढा उरतो. ज्या खड्ड्याच्या खालच्या अंगाला वस्ती आहे, तिथे पाण्याची कमाल पातळी ठरवून बाजूच्या भक्कम खडकातून सांडवा काढणं, ही पहिली अट असायला हवी.

पैसे कोण देतं?

खनिज संवर्धन आणि विकास नियमांनुसार प्रत्येक खाणीला ‘खाण बंद आराखडा’ करावा लागतो. एक टप्प्याटप्प्याचा, एक अंतिम. तो भारतीय खाण ब्यूरो मंजूर करतो, ज्याचं मुख्यालय नागपुरात आहे. पुनर्वसन झालं नाही तर सरकारला ते करता यावं म्हणून कंपनीकडून आर्थिक हमी घेतली जाते. 2003 च्या दुरुस्तीनंतर हा दर ‘अ’ वर्गातल्या खाणीसाठी हेक्टरी 25,000 रुपये होता. 2017 च्या नियमांत तो 3 लाख झाला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये 5 लाख. ‘ब’ वर्गासाठी आता 3 लाख आहे.

आकडा समजून घ्यायला कळणेएवढी, म्हणजे सुमारे 32 हेक्टरची खाण घ्या. ती ‘अ’ वर्गात आणि पूर्ण वापरात आहे असं धरलं तर 2009 च्या दराने हमी 8 लाख रुपये होते, आजच्या दराने 1 कोटी 60 लाख. 8 लाखांत एक साधं घर बांधून होत नाही. शिवाय ही हमी खाणकामासाठी वापरलेल्या क्षेत्रापुरतीच असते. लीजच्या हद्दीबाहेरच्या शेतात गाळ गेला तर तो या हिशेबात कुठेच बसत नाही. त्यासाठी नुकसानभरपाई मागावी लागते, महसूल खात्याकडे किंवा राष्ट्रीय हरित लवादाकडे. आणि कोकणातल्या सातबारावर एका जमिनीला वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, त्यामुळे मंजूर झालेली भरपाईदेखील हातात पडायला वेळ लागतो.

8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका आदेशात म्हटलं की खाणकाम संपल्यावर खाणीची आणि खाणकामामुळे बिघडलेल्या इतर जागेचीही जमीन चारा, झाडं आणि प्राणिजीवनाला योग्य होईल अशी पूर्ववत करण्याची अट लीजधारकांवर घालावी. यातले ‘इतर जागेचीही’ हे शब्द कळणेसारख्या गावांसाठी फार मोलाचे आहेत, कारण शेत लीजच्या बाहेर असतं. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही आहे. जुन्या लीजधारकांना रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावातून आलेल्यांना 10 टक्के एवढी रक्कम त्यात भरावी लागते. पिण्याचं पाणी आणि पर्यावरण ही त्या निधीची प्राधान्याची कामं आहेत.

तुलनेसाठी अमेरिकेचा 1977 चा उघड्या कोळसा खाणींचा कायदा पाहण्यासारखा आहे. तिथे उत्तम शेतजमीन खोदली असेल तर ती परत भरल्यावर कंपनीला तिच्यावर पीक घेऊन दाखवावं लागतं. किमान तीन वर्षांच्या पिकाची सरासरी, शेजारच्या न खोदलेल्या तशाच जमिनीच्या उत्पन्नाइतकी भरली तरच हमीची रक्कम सुटते. तो कायदाही सगळीकडे नीट पाळला गेला असं नाही. पण कसोटी किती साधी आहे पाहा: किती झाडं लावली हे विचारत नाहीत, पीक किती आलं ते विचारतात. आपल्याकडे हीच कसोटी ‘शेजारच्या कुणग्याइतकं भात’ अशी लिहिता येईल.

पुढे नव्या खाणी येणार का?

पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात सिंधुदुर्गचा वेगळा विचार केला होता आणि संवेदनशील भागात नव्या खाणींना परवानगी देऊ नये असं सुचवलं होतं. पर्यावरण मंत्रालयाने 2010 मध्येच रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या नव्या प्रकल्पांचे प्रस्ताव काही काळ रोखले होते. पुढे सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव मार्गाचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याची प्रक्रिया करायला सांगितलं. 31 जुलै 2024 च्या केंद्राच्या पश्चिम घाट मसुद्यात संवेदनशील गावांमध्ये खाणींवर पूर्ण बंदी आणि चालू खाणी अंतिम अधिसूचनेनंतर पाच वर्षांत किंवा लीज संपताच बंद करण्याची तरतूद आहे. बंदीवर गावागावांत दोन मतं आहेत आणि ते स्वाभाविक आहे. ट्रकच्या हप्त्यावर घर चालणारा आणि पोफळीवर घर चालणारा एकाच वाडीत राहतो. पण बंद होणाऱ्या खाणीचं पुढे काय, हा प्रश्न दोघांचाही आहे.

चिरेखाणींचं काय?

मालवण तालुक्यात हा विषय लोहखनिजापेक्षा जवळचा आहे. चिरेखाण उथळ असते आणि तिचं पुनर्वसन तुलनेने सोपं आहे. वरची माती आणि चिऱ्यांचा चुरा जपून ठेवला असेल तर तोच तळाला पसरून, शेणखत मिसळून काजू आणि आंब्याची कलमं लावता येतात. एका कोपऱ्यात खोल भाग राखला तर पावसाचं पाणी साठतं आणि कलमांना पहिली दोन वर्षं हातशिंपणाला पुरतं. काजूचं कलम अशा जमिनीत तग धरतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती जिल्ह्यात सगळीकडे मिळतात. अनेक मालक हे स्वतःच्या खर्चाने करतात. जे करत नाहीत, त्यांच्या उघड्या खाणीत दर पावसाळ्यात गुरं आणि कधी मुलंही बुडतात. निदान कुंपण तरी घालायला हवं.

गावाला काय विचारता येतं?

खाण असलेल्या गावात ग्रामसभेने किंवा एखाद्या नागरिकाने मागता येतील अशी काही कागदपत्रं आहेत. मंजूर खाण बंद आराखडा आणि त्यातलं गेल्या वर्षीचं काम. पर्यावरण मंजुरीच्या अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल, जो कंपनीला दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो आणि जो सार्वजनिक दस्तऐवज आहे. जिल्हा खनिकर्म कार्यालयाकडून हमीची रक्कम किती आणि कधीपर्यंतची आहे ते. माहिती अधिकारातून हे सगळं मिळतं.

कागदाइतकीच उपयोगी नोंद गाव स्वतः करू शकतं. एप्रिलच्या शेवटी प्रत्येक विहिरीचं पाणी किती हात आहे, झरा कोणत्या महिन्यात आटला, व्हाळ लाल कधी झाला, हे तारखेसह वहीत लिहून ठेवायचं आणि त्याच जागेवरून दरवर्षी एक फोटो काढायचा. खाण सुरू होण्याआधीच्या दोन वर्षांची अशी वही असेल तर ‘विहिरीला आधीपासूनच पाणी कमी होतं’ हा युक्तिवाद टिकत नाही. नोंद ठेवायची सर्वात चांगली वेळ लीज मंजूर होण्याच्या आधीची असते. ती गेली असेल, तर येणारा एप्रिल.